परबकाका खोलीबाहेर उभे होते

स्नेहल घाग, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, कबड्डीतली चढाईपटू. संक्रांतीच्या आदल्या रविवारी, दुपारी बारा वाजून गेल्यावर, पाच जणांच्या निवड समितीने तिला संघाबाहेर ठेवलं. अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, हे पहिल्या दमात सांगायचं ही आमची पत्रकं लिहिण्याची सवय आहे. ती मी इथेही सोडणार नाही.

पण हे पत्रक नाही. पत्रकात ज्यांना बसवता येत नाही अशा एका गृहस्थांविषयी मला लिहायचं आहे. स्नेहलवर अन्याय झाला तेव्हा त्या पाचांपैकी चारच जण खोलीत होते. पाचवे बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे होते. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. ते स्वतःहून उठून बाहेर आले होते. त्यांचं नाव वसंत परब. सगळे त्यांना परबकाका म्हणतात.

परबकाकांना तुम्ही पाहिलं असेल. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात कुठेही कबड्डीचे सामने असले की गुणलेखकांच्या टेबलाशेजारी एक सडपातळ, पांढऱ्या शर्टातले, मैदानाकडे पाठ करून बसलेले म्हातारे गृहस्थ दिसतात, तेच ते. बाकीचे सगळे सामने ते सरळ बसून बघतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या मंडळाचा संघ उतरला की उठतात, प्लॅस्टिकची खुर्ची उचलतात, उलटी फिरवतात आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात. कारण काय, तर आपल्या संघाला गुण मिळाला आणि आपल्या तोंडावर आनंद दिसला, तर पंचांवर दबाव येईल.

पंच वाचले, पण पब्लिकची चंगळ झाली. आता परबकाकांचं तोंड थेट आमच्यासमोर. भटवाडीतल्या निम्म्या बायका सामना बघतच नाहीत, काकांचं कपाळ बघतात. गुण मिळाला की उजवी भुवई वर जाते. पकड झाली की ओठ आत जातात. आपला गडी बाद झाला की काका चष्मा काढून पुसायला लागतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मावशी म्हणाल्या होत्या की मैदानावर एवढी धूळ आणि धावपळ असते, काही कळत नाही, परबांच्या तोंडावर सगळं कसं स्वच्छ दिसतं.

एकदा समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने मुद्दाम खोडी काढली. म्हणाला, काका, पाठ केलीत खरी, पण कान तर इकडेच आहेत ना. दुसरा कोणी असता तर हसला असता. काकांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस मागवला आणि दोन्ही कानांत बोळे घातले. सामना संपला, टाळ्या झाल्या, माणसं पांगली, तरी काका मैदानाकडे पाठ करून बसलेलेच. शेवटी मांडववाले खुर्च्या गोळा करायला आले तेव्हा काकांना कळलं की आपलं मंडळ हरलंय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "माझा संबंध येतो." हे म्हणायचं आणि बाहेर जायचं. सोसायटीच्या सभेत इमारत रंगवायचा विषय निघाला. काका पहिल्या मजल्यावर राहतात, परांची आधी त्यांच्या खिडकीला लागणार. माझा संबंध येतो, म्हणाले आणि गॅलरीत गेले. पुढचा विषय लिफ्टचा होता. सेक्रेटरींनी त्यांना आत बोलावलं, म्हणाले, काका, तुम्ही लिफ्ट वापरत नाही, आता तरी बोला. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मी लिफ्ट वापरत नाही, मग मी कोण बोलणारा? म्हणजे संबंध आला तरी गप्प आणि नाही आला तरी गप्प. सोसायटीत त्यांचं मत आजवर कोणी ऐकलेलं नाही.

पुतण्याचं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट तर भटवाडीत अजून सांगतात. मुलीकडच्यांनी आडून चौकशी केली, मुलगा कसा आहे. काका म्हणाले, मी सख्खा काका, माझा संबंध येतो, दुसऱ्या कोणाला विचारा. मुलीच्या वडिलांनी साहजिकच अर्थ काढला की मुलगा दारू पितो. ते लग्न मोडता मोडता राहिलं. पुतण्याने पुढे दोन गणपती त्यांच्याशी अबोला धरला.

गणपतीवरून आठवलं. मंडळाच्या मोदक स्पर्धेचे परीक्षक अनेक वर्षं परबकाका होते. काकी, म्हणजे त्यांच्या बायको, मोदक असे करायच्या की कळ्या मोजाव्यात की मोदक खावेत असा प्रश्न पडायचा. त्यांचं ताट आलं की काका खुर्ची सोडून मांडवाबाहेर. उरलेल्या परीक्षकांना वाटायचं, खुद्द नवराच चव घ्यायला तयार नाही, म्हणजे काहीतरी गडबड असणार. काकींना कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या प्रामाणिकपणाचे मोदक दरवर्षी मी एकटी खाते." हसून म्हणायच्या. आता काकी नाहीत. त्यांचं हसणं खरं होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

मी खेळाडूंच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. गट एवढा छोटा आहे की आम्ही सगळे एका रिक्षात मावतो आणि मोर्चा काढायचा झाला तर रिक्षावाल्यालाही घोषणा द्यायला लावतो. दुखापत झालेल्या मुलींना इंजेक्शन टोचून खेळवणं, वजन उतरवण्यासाठी त्यांना उपाशी ठेवणं, निवडीत ओळखीपाळखी चालवणं, असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं लिहितो आणि मैदानांच्या दारात वाटतो. परबकाकांची माझी पहिली भेट अशाच एका दारात झाली. त्यांनी पत्रक घेतलं, तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले की मी समितीवर आहे, फुकट वस्तू स्वीकारत नाही. मी म्हटलं, काका, पत्रक आहे हे, मिठाई नाही. तर म्हणाले, तत्त्व तेच.

तेव्हापासून मला ते आवडायचे, हे मी कबूल करते. चिडचिड व्हायची, पण आवडायचे. आमच्या खेळात ज्यांच्याविरुद्ध लिहायला मला कधी विषय मिळाला नव्हता असे ते एकटे होते.

मग तो रविवार आला.

आमच्या पट्ट्यातल्या मंडळांची मिळून एक समन्वय समिती आहे. दरवर्षी ती कुमारी गटाचा एक संघ निवडून चिपळूणच्या स्पर्धेला पाठवते. बारा मुली जातात. स्पर्धा तशी लहान, पण खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी देणारी माणसं तिथे येऊन बसतात, डोळ्यांत भरलेल्या मुलींना बोलावून घेतात. स्नेहलचं हे कुमारी गटातलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय उलटलेलं असेल. तिची आई चार घरी स्वयंपाक करते, आणि तिने लेकीसाठी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात शब्द टाकून ठेवला आहे. दोघींचं ठरलं होतं: चिपळूणला कोणी बघितलं तर कबड्डी, नाहीतर मार्चपासून दुकान. दुकानात वाईट काही नाही. पण दिवसभर उभं राहून घड्या घालायच्या म्हटल्यावर सरावाला वेळ उरत नाही. खेळ संपतो तो असा, कोणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही.

निवड चाचणी सगळ्यांसमोर झाली. अकरा नावांवर वाद नव्हता. बारावी जागा स्नेहल की तन्वी, एवढंच ठरायचं होतं. तन्वी वाईट खेळत नाही. पण त्या दिवशी स्नेहलने तिला चढाईत दोनदा बाद केलं आणि एकदा तिच्याच कोपऱ्यातून बोनस गुण घेऊन आली, हे मैदानावरच्या प्रत्येकाने बघितलं. तन्वी ज्यांची पुतणी, ते शेठ संघाचे पुरस्कर्ते. जर्सी त्यांची, चिपळूणची बस त्यांची. आणि समितीचे अध्यक्ष कदमभाऊ यांच्या मुलाचं त्याच शेठच्या मुलीशी लग्न ठरलेलं आहे.

समिती कार्यालयात बसली. आम्हाला आत प्रवेश नव्हता, म्हणून मी दाराबाहेर. दार कसलं, अर्धा पडदा. शेवटचा, बाराव्या जागेचा विषय निघाला तसे परबकाका उठलेले दिसले. तेच वाक्य. आत कोणी मान वर करूनही बघितलं नाही, कारण त्यांच्या उठून जाण्याची सगळ्यांना एवढी सवय झालेली की पंख्याच्या आवाजासारखं ते कोणाला ऐकूच येत नाही.

मला मात्र कळेना. काकांच्या मंडळात मुलींचा संघच नाही. स्नेहल दुसऱ्या मंडळाकडून खेळते. नात्यातली नाही, गावची नाही. मी विचारलं, काका, आत काय चाललंय? म्हणाले, "मी बाहेर आहे. मला माहीत नाही." पडद्याआडून एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. स्नेहलसाठी दोन हात. तन्वीसाठी दोन हात, त्यात एक कदमभाऊंचा. काका खाली वाकले आणि चपलांच्या जोड्या लावायला लागले. कोणाची कोणती ते न बघता नुसत्या लावत होते.

आत बरोबरी झाली. मग कदमभाऊंनी सदस्य म्हणून वर केलेला हात खाली घेतला आणि अध्यक्ष म्हणून, निर्णायक मतासाठी, तोच हात पुन्हा वर केला.

स्नेहल मैदानाच्या जाळीपाशी पिशवी घेऊन उभी होती. तिला कोणी सांगायला गेलं नाही, माणसांच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं. तिने एकदा परबकाकांकडे बघितलं. ते अजून चपलांत होते. मग ती निघाली, आणि रस्त्याला लागेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी त्या रात्रीत पत्रक तयार केलं. मथळा दिला, "पाचवे मत कुठे गेले?" कदमभाऊंना तर झोडपलंच, पण परबकाकांनाही सोडलं नाही. लिहिलं की स्वतःचे हात स्वच्छ राहावेत म्हणून एका मुलीचं वर्ष धुवून काढणाऱ्या माणसाला प्रामाणिक म्हणायचं की नाही, हे खेळाडूंनी ठरवावं. छापून आणलं. वाटण्याआधी ज्याच्यावर लिहिलं त्याला दाखवायचं, हा आमचा नियम. म्हणून मंगळवारी संध्याकाळी गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेले.

भटवाडीच्या मैदानाला लागून त्यांची इमारत. पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी सरळ मैदानावर उघडते. काकांनी दार उघडलं, बस गो, म्हणाले, आणि विचारल्याशिवाय चहा टाकला. मी तापलेलीच होते. कप पुढे आला तेव्हा टोमणा मारला की तुमचा चहा घेतला तर माझाही संबंध येईल. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, बरोबर आहे म्हणाले, आणि कप परत नेऊन स्वतः प्यायला लागले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, यार.

मी पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. या खेपेला त्यांनी घेतलं. वाचून झाल्यावर घडी घातली नाही, तसंच मांडीवर राहू दिलं. म्हणाले, चुकीचं काही नाही यात.

"मग सांगा ना, तुमचा स्नेहलशी संबंध काय?"

ते खिडकीकडे वळले. खाली क्रिकेटवाले होते. मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ते अडखळत, मध्येच मालवणीत घसरत बोलत होते.

काकी गेल्या त्या वर्षी एकदा पहाटे काकांची साखर उतरली आणि ते स्वयंपाकघरात पडले. दार आतून बंद. दूधवाल्याला संशय आला, दार फोडावं लागलं. बिल्डिंगमध्ये चार दिवस हळहळ झाली आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. स्नेहल तेव्हा लहान होती, खाली मैदानावर एकटी धावायला यायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून धावायला लागण्याआधी ती खिडकीखाली उभी राहून ओरडायची, "परबकाका, उठलात काय?" काका पंचांची शिट्टी वाजवायचे. एकच, छोटी. म्हणजे उठलो. मग ती धावायला लागायची. बस, एवढंच. जिने चढून ती कधी वर आली नाही, काका कधी खाली गेले नाहीत. सामन्यांत भेट झाली तर ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिला घाग म्हणायचे. पावसात, थंडीत, परीक्षेच्या दिवशीसुद्धा ती हाक चुकली नाही. काका म्हणाले की दिवसभरात आपलं नाव घेऊन कोणी बोललं असा तेवढाच एक क्षण असायचा.

मी म्हटलं, काका, याला नातं म्हणत नाहीत. नियमात कुठेही बसत नाही हे. तुम्हाला बाहेर जायचं कारण नव्हतं.

तेव्हा ते शुद्ध, सभेतल्या मराठीत बोलले, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखं: "मी हात वर केला असता, तर तो तिच्या खेळासाठी वर गेला असता की माझ्या सकाळसाठी, हे मला कळेना. जे कळत नाही त्याच्यावर मत देता येत नाही."

आमच्या घोषणांत याच्यावर एकही घोषणा नाही. आम्हाला विकले गेलेले लोक माहीत आहेत, घाबरलेले माहीत आहेत. एखाद्याला आपली माया हीच लाच वाटते, याचं काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

पण राग माझा गेला नव्हता. मी म्हटलं, कदमभाऊंनी दोनदा हात वर केला, त्यांना त्यांचा होणारा व्याही आठवला नाही. काका म्हणाले, त्यांचं त्यांच्यापाशी.

"त्यांचं त्यांच्यापाशी राहत नाही, काका. ते स्नेहलच्या डोक्यावर पडतं. ज्याला लाज आहे तो बाहेर चपला लावतोय आणि ज्याला नाही तो आत संघ निवडतोय. असं दहा वर्षं चाललं तर आत कोण उरेल?"

मी गठ्ठा उचलून निघाले. दारात पोहोचले तेव्हा त्यांनी मागून सांगितलं, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, की रविवारपासून हाक आली नाही. मुलगी धावायलाच येत नाही. ते पहाटे उठून खिडकीत बसतात, शिट्टी हातात घेऊन. उजाडतं. मग ठेवून देतात.

पत्रकं मी वाटली नाहीत. गठ्ठा अजून माझ्या पलंगाखाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं तब्येत बिघडली. तसं नव्हतं. त्यांनी कदमभाऊंना सांगून समिती सोडली होती. ज्या समितीशिवाय या माणसाला दुसरं घरदार उरलेलं नाही, ती. कारणही साधं दिलं: समितीवर असताना ज्या मुलीविषयी आपल्याला माया आहे तिच्यासाठी बोलता येत नाही, समितीबाहेर बोलता येतं. आणि नियमावलीत एक तरतूद आहे, ती त्यांनीच कधीकाळी घालून घेतली होती: निवडीवर हरकत आली तर विशेष सभा बोलवायची, पट्ट्यातल्या कोणत्याही मंडळाच्या सभासदाने यायचं, आणि बहुमताने हात वर झाले तर दोन्ही मुलींची उघड चाचणी पुन्हा घ्यायची, बाहेरचे पंच आणून. ही तरतूद आजवर कधी वापरली गेली नाही. समितीच्या साध्या सभांनाही कोणी येत नाही. काकांनी हरकत नोंदवली आहे. सभा ठरली आहे.

मी फोनवर झकास म्हणाले. काका म्हणाले, "पण गो, कोणाची बाजू घेवक माका येणा नाय. तू शिकव."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बाजू घ्यायला शिकवणं हे मी आजवर केलेल्या कामांतलं सर्वांत अवघड काम आहे. पहिल्या दिवशी ते खिडकीपाशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, स्नेहल घाग हिचा खेळ समाधानकारक आहे. मी म्हटलं, काका, वर्तणुकीचा दाखला देताय काय? पुन्हा प्रयत्न केला. स्नेहल घाग ही तशी बरी खेळते. मी विचारलं, तशी म्हणजे कशी? म्हणाले, बरी म्हटलं की फार झाल्यासारखं वाटतं, म्हणून तशी घातलं. मी सांगितलं की तन्वीपेक्षा चांगली म्हणा. त्यावर ते बसलेच. दुसऱ्या मुलीचं नाव घ्यायचं नाही, तिचा काय दोष, आणि तिचे काका शेठ आहेत हा तिचा गुन्हा नाही. यात ते बरोबर आहेत, तेही मला लिहायला हवं. तन्वीचा मला काल फोन आला होता. म्हणाली, ताई, मलाही उघड चाचणीच पाहिजे, नाहीतर चिपळूणला मी काहीही करून दाखवलं तरी लोक बसचं बोलणार.

काल तिसऱ्यांदा बसलो. मी कंटाळून म्हटलं, काका, भाषण सोडा, तिने केलेली एक गोष्ट सांगा. त्यांनी लगेच सांगितली. दोन वर्षांपूर्वीचा मुलुंडचा सामना, शेवटची चढाई. पंचांनी स्नेहलला गुण दिला. सामना जिंकला होता. तिने हात वर करून सांगितलं, लागला नाही, माझा हात पोहोचला नाही. गुण परत गेला, सामना गेला, तिच्या प्रशिक्षकाने तिला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. काका तिथे होते. शाबास म्हणावंसं वाटलं होतं, पण म्हणाले नाहीत, कारण अधिकाऱ्याने खेळाडूला शाबास म्हणायचं नसतं.

मी म्हटलं, हेच सांगा सभेत, दुसरं काही नको.

ते म्हणाले, "हे सांगताना मला रडू आलं तर तो पक्षपात होईल."

मी म्हटलं, होऊ दे. ते मान हलवत राहिले. त्यांना पटलेलं नाही.

आता मला भीती वाटते, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कदमभाऊंची माणसं घरोघर जाऊन सांगतायत की चाचणी पुन्हा झाली तर शेठ बस देणार नाहीत, मग बाराही मुली घरी बसतील, आणि त्याला जबाबदार परब. भाजी घेताना लोक काकांना अडवून विचारतात, या वयात कशाला नसती भानगड? काकांचा आवाज बसला आहे. औषध वेळेवर घेतात की नाही, मला माहीत नाही. स्नेहलला मी मेसेज केला, ती वाचते, उत्तर देत नाही. एकदाच लिहिलं, ताई, नको आता तो विषय. काका खिडकीत बसतात हे तिला ठाऊक नाही. सांगू नकोस, असं काकांनी मला बजावलं आहे, कारण ती दया येऊन आली तर ती चाचणी खरी नाही. मी ते पाळलं आहे. म्हणजे आत्तापर्यंत. ती हे वाचत असेल तर तो भाग वेगळा.

आणि सभेला कोणीच आलं नाही तर? मांडवात कदमभाऊ, त्यांची चार माणसं, मी, आणि उभे राहिलेले परबकाका. जन्मात पहिल्यांदा कोणासाठी तरी बोलायला उठलेला माणूस रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलेल आणि खाली बसेल. शुक्रवारी चिपळूणची बस निघून जाईल. मार्चमध्ये दुकान सुरू होईल.

तुम्ही घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड यांपैकी कुठेही राहत असाल आणि तुमच्याकडे कोणत्याही मंडळाचं सभासदत्व असेल, मग ते गणपतीच्या वर्गणीपुरतं का असेना, तर तुम्हाला मत आहे. कबड्डी कळते का, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. बुधवारी संध्याकाळी सात वाजता भटवाडीच्या मैदानावरच्या मांडवात या. पुढच्या रांगेत बसा, मागे उभे राहून मोबाइल बघू नका. परबकाका बोलायला उठतील. मुलुंडच्या सामन्यापर्यंत नीट येतील आणि तिथे बहुतेक अडकतील. ते सावरण्याची वाट बघू नका, शेजारी काय करतोय ते बघू नका. ते अडकतील त्याच क्षणी हात वर करा, आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेऊ नका.